बंद बाह्यांचं झबलं

—नाही हो, बाहुलीचं कसलं! बाळाचंच आहे ते. हसतात सगळे. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, बाह्यांना तोंडं ठेवायला विसरलात की काय? म्हटलं, बाबा रे, मशीनवर बसून केस पांढरे झाले माझे, तोंडं ठेवायला विसरेन होय? मुद्दाम बंद केल्यात. हात बाहेर यायलाच नकोत. आणि ते उलटं टांगलेलं नाही— तसंच घालायचं आहे, शिवणी बाहेर. आत शिवण आली की घासते, घासलं की लाल होतं, आणि लाल झालं की— या, चढा बघू स्टुलावर. हळू. माझ्या खांद्याला धरा. हां, आता हलू नका, टाचण्या आहेत हातात. आधी पोटापाशी किती सैल करायचं ते बघते, मग खालची दुमड सोडते. पोट पुढं आलं की ड्रेस पुढून उचलला जातो, पहिलटकरणींना ते कळत नाही, मलाच म्हणतात मावशी, तुम्ही वाकडं कापलंत! पहिलंच ना तुमचं? वाटलंच. पोटावरचा हात काढा जरा, टेप जाऊ दे. दुसऱ्या खेपेला बाया असा हात ठेवून उभ्या राहत नाहीत. दुसऱ्या खेपेला हात मोकळे असतात कुठं!

माझ्या नातीचं आहे ते. लेकीच्या मुलीचं. ढबी म्हणतो आम्ही तिला. जन्मली तीच अशी गोल गरगरीत, मनगटांना वळ्या पडलेल्या, की जावई म्हणाला, आई, ही पोरगी आहे की ढबू मिरची? झालं, तेव्हापासून ढबी. चांगलं लांबलचक नाव ठेवलंय, पण ते कागदावरच. हो, वरच आहे, झोपलीय. आमचं घर वरच, दुकानाच्या डोक्यावर, हा मागचा जिना चढला की घर. म्हणूनच जरा हळू बोलायचं— आणि बघा, मीच मोठ्यानं बोलतेय. सवय आहे हो, मशीनच्या आवाजावर आवाज काढून काढून घसाच तसा झालाय. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझी लेक तुझ्याच वयाची. हं. मग सरळ उभी राहा, अगं, पोट आत नको घेऊस, पोटासाठीच तर चाललंय सगळं.

इसब आहे तिला. एक्झिमा म्हणतात तो. तान्ह्या पोरांना होतो पुष्कळदा, आम्हाला कुठं ठाऊक होतं? पहिल्यांदा गाल लाल झाले, तर आम्ही वेड्यासारखे खूश— काय गुलाबी गाल, काय रंग! रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून गालाला हात लावायच्या. मग तोच गुलाबी गाल खरखरीत लागायला लागला, पॉलिश-पेपरवर हात फिरवावा तसा. मग कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागं, मानेच्या वळीत— जिथं जिथं मऊ तिथं तिथं. आणि खाज! अगं, त्या लेकराला खुळखुळा हातात धरता येत नव्हता, धरला तर स्वतःच्याच कपाळावर आपटायची. पण खाज कुठं आहे ते अंधारातसुद्धा बरोबर सापडायचं. नखं कापून टाकली. कापलेल्या नखांच्या कडा आणखी टोचतात, म्हणून लेक त्या घासायची, एकेक करून, बाळ झोपलेलं असताना, श्वास रोखून. तरी सकाळी चादरीवर ठिपके. रक्ताचे. लहान लहान, सुईच्या टोकाएवढे. मी आयुष्यभर सुया टोचून घेतल्यात गं, रक्ताचं मला काही वाटत नाही, पण ती चादर माझ्यानं धुववायची नाही.

आणि मग सुरू झालं— दुकान म्हणजे काय, येणारा जाणारा. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ना, आमच्याकडे गिऱ्हाईकं तितकी औषधं. बेकरीवालीनं जैतुणाचं तेल दिलं, चोळ म्हणाली, चोळलं, तर आगीतून फुफाट्यात, दुसऱ्या दिवशी अंग टोमॅटोसारखं. टपालवाला म्हणाला, मध लावा. एक शिक्षक येतात कॉलर उलटवून घ्यायला, ते म्हणाले, दुधात अंघोळ घाला. एकजण म्हणाली, उन्हात ठेवा उघडी. दुसरी म्हणाली, उन्हात चुकूनसुद्धा नेऊ नका. माझ्या लेकीनं सगळं ऐकून घेतलं, सगळं. पूर्वी अशी नव्हती गं ती! कुणी फुकटचा सल्ला दिला की अशी एक भुवई वर करायची की समोरचा आपोआप गप्प. पण लेकरू खाजवायला लागलं की भुवया राहतात कुठं? ती शाळेत गणित शिकवते. सध्या रजेवर आहे. गणिताची बाई ती, तिचं म्हणणं एकच— उत्तर चुकलंय ना, म्हणजे वर कुठंतरी पायरी चुकलीय. पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायचं. आणि औषधाचं मलम नको, जे करायचं ते नैसर्गिक करायचं. त्या मलमानं कातडी पातळ होते असं तिनं कुठंतरी वाचलं. डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं गं मलम, कसं लावायचं, किती लावायचं, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ती ट्यूब टोपणसुद्धा न उघडता कपाटात पडून राहिली.

वळ जरा डावीकडं. थोडी आणखी. बस.

पण खोटं का बोलू, नैसर्गिक म्हणून जे केलं त्यातलं काही काही लागूही पडलं. ओट्स असतात ना खायचे, ते बारीक दळायचे आणि मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोमट पाण्यात सोडायचे. कोमट म्हणजे अगदी कोमट, कोपर बुडवून बघायचं, कोपराला गरमही लागता कामा नये आणि गारही. पुरचुंड्या मीच शिवल्या. जुनी मलमल होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. ती पुरचुंडी पाण्यात दाबली की ढगासारखं पांढरं पांढरं बाहेर येतं, पाणी कसं गुळगुळीत होतं. पहिल्या दिवशी ढबीला त्यात ठेवली— रडत होती, कानठळ्या बसतील असं रडत होती— आणि पाण्यात टेकली तशी गप्प. एकदम गप्प. डोळे मोठे करून छताकडं बघत बसली, जशी काय तिथं कुणी ओळखीचं दिसतंय. आणि माझी लेक हसली गं. मोठ्यानं नाही, नुसतं नाकातून हसली, ओल्या हातानंच माझा हात धरला आणि म्हणाली, आई, मिळालं. काय मिळालं ते मी विचारलं नाही. मलाही वाटलं, मिळालं.

मग काय, नेमच झाला. अंघोळ थोडकीच, फार वेळ पाण्यात ठेवायचं नाही. पुसायचं नाही, रुमाल नुसता टेकवायचा, टिपून घ्यायचं. आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावायचं, म्हणजे ओल आत कोंडून राहते. साबण नाही, पावडर नाही, वासाचं काही म्हणजे काही नाही. जावयानं दाढीनंतर लावायचं ते वासाचं पाणी फेकून दिलं बिचाऱ्यानं. लोकरीचं सगळं पेटीत गेलं. गालिचा गेला, पडदे गेले, खोलीची हवा कोरडी नको म्हणून कोपऱ्यात पाण्याचं पातेलं आलं. माझ्या कपड्यांना इथली कापडाची कुसं चिकटतात, ती वर नकोत, म्हणून मी या जिन्याखाली कपडे बदलून वर जायला लागले. ह्या वयात! एकदा जावई आणि मी एकदमच— जाऊ दे, तो बिचारा मग त्या जिन्याशी खोकूनच यायचा.

हसतेस ना? हस, हस. हलू नकोस फक्त.

आणि ते झबलंही तेव्हाचंच. म्हणजे ते पहिलं. हे टांगलंय ते त्याच्यावरचं मोठं माप. जुन्या चादरीचं शिवलं, नवं कापड नको. नव्या कापडात खळ असते. शिवणी बाहेर काढल्या, बाह्या बंद केल्या, नाड्या गळ्यापाशी नकोत म्हणून पाठीशी लावल्या. माझ्या हातून कितीतरी लग्नांचे कपडे गेलेत बाई, पण त्या झबल्याइतका जीव कशात लावला नाही. ते घातलं की ढबी अशी दिसायची, जसा काय पंख बांधलेला कोंबडा. हात वर करून करून बघायची, आत बोटं असल्याचं तिला कळायचं, बाहेर काढता यायची नाहीत. कधी कधी ती माझ्याकडं बघायची असं की— मी म्हणायची, राणी, तुझ्याच भल्यासाठी आहे. तिला काय कळणार? तिला एवढंच कळायचं की खाज आहे आणि हात नाहीत.

काही दिवस बरे गेले. मग परत. का म्हणून विचारू नकोस, तोच तर घोळ आहे. तेच पाणी, तेच ओट्स, तेच तेल, तीच मलमल, आणि एके सकाळी बघावं तर अंग पुन्हा पेटलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं जे चाललंय ते चालू द्या, चांगलंच आहे ते, पण अंग इतकं लाल असेल तेव्हा मलम लावायलाच हवं. लेक म्हणाली, पण कारण काय? त्या म्हणाल्या, कधी कधी कारण असं नसतंच. कातडीच तशी घेऊन आलीय ती. मोठी होईल तसं बहुतेक कमी होईल. लेक पुन्हा म्हणाली, हो, पण कारण काय? मी शेजारीच बसले होते. तिचा शाळेतला आवाज होता तो. फळ्यापाशी उभं राहून विचारावं तसा.

कमरेपाशी घट्ट नाही ना होत? श्वास घे. हां.

मग कुणीतरी म्हणालं— कोण ते आता आठवतही नाही, आणि आठवलं तरी काय करणार— कुणीतरी म्हणालं, पोर अंगावर पितंय ना, मग ते आईच्या दुधातून जात असणार. झालं! डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, असूही शकेल, एखादी वस्तू थोडे दिवस सोडून बघा, पण मला सांगून, एका वेळी एकच. एका वेळी एक? माझी लेक? तिनं दूध सोडलं, अंडी सोडली, मासे सोडले, गहू, शेंगदाणे, टोमॅटो— रोज काहीतरी गळायचं. शेवटी भात आणि उकडलेला भोपळा. तेही मीठ घालून की न घालता, यावर विचार. वर अंगावर पाजणं चालूच. मी म्हणायची, अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? तर म्हणायची, आई, एवढं सापडू दे.

तुला सांगू, मला आधी डोळ्यांनी नाही कळलं. मला टेपनं कळलं. तिनं ड्रेस आणून टाकला, आई, जरा आत घे. घेतला. थोड्या दिवसांनी परत तोच, आई, आत घे. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ना, त्याला माया म्हणतात. माया ठेवायची असते, पुढंमागं अंग भरलं तर सोडायला. तुझ्या ह्या ड्रेसमध्ये कुणीतरी भरपूर ठेवलीय बघ, नशीबवान आहेस, दुमडीतसुद्धा चांगली रुंद. पण सैल करायला माया लागते, आत घ्यायला काय, घेत जा. मी घेत गेले. आतलं कापड जाड होत गेलं आणि आतलं माणूस बारीक होत गेलं. शेवटी दोन्ही कुशींचे खिसे जवळजवळ पाठीवर गेले. तेव्हा मी कात्री खाली ठेवली, म्हटलं, यापुढं मी हा ड्रेस आत घेणार नाही. ती तोच ड्रेस पिन लावून घालायला लागली.

मी आई आहे ना तिची? मला काहीच करता येऊ नये? रोज इथं परक्या बायांना स्टुलावर चढवते, कमरेला हात घालते, सांगते ताठ उभी राहा, पोट आत नको घेऊस. आणि माझ्या पोरीला एक घास भरवता येत नाही मला. तोंडाशी नेला तर मान फिरवायची. लहानपणीसुद्धा अशी नव्हती. लहानपणी काय हादडायची!

नको, घाबरू नकोस गं. अगं, तुला घाबरवायला नाही सांगत मी. सगळ्यांना नाही होत. तुझं बाळ लोण्यासारखं येईल बघ. पाणी देऊ? मग बस खाली जरा. नको? बरं, उभीच राहा, पाठीमागची बाजू राहिलीय.

तर त्या दिवशी दुपारी अंघोळ चालली होती. मी पुरचुंडी दाबत होते, ती ढबीला टबात सोडत होती. आणि तिचे हात एकदम सैल पडले. ओरडली नाही, काही नाही, शिवण उसवावी तशी उसवत खाली गेली. मी ढबीला पकडलं. कसं पकडलं ते विचारू नकोस, दंडाला धरलं की पायाला, पाण्यातून वर ओढलं एवढं खरं. आणि मग अशी उभी. एका हातात माझ्या लेकीची लेक, निसरडी, तेल-पाण्यानं माखलेली, बोंबलतेय. आणि पायाशी माझी लेक, पांढरीफटक. खाली वाकावं तर ही सुटेल. हिला ठेवावं तर ठेवू कुठं? फरशीवर पाणी. मी नुसती उभी राहिले. बाई गं, असं कसं कुणी उभं राहील? पण राहिले. ओरडत होते म्हणतात, शेजारचा गाद्यावाला आवाज ऐकून जिना चढून आला तेव्हा. मला स्वतःचा आवाज आठवत नाही.

शुद्धीवर आली लगेच. अशक्तपणा, दुसरं काही नाही. पण जावई— गरीब माणूस, लिफ्टची दुरुस्ती करतो, दिवसभर त्या विहिरीसारख्या खोबणीत लोंबकळत असतो, कधी चढ्या आवाजात बोलणार नाही— तो त्या दिवशी म्हणाला, बास. लेक हात जोडून म्हणाली, अजून थोडे दिवस, मी जवळ आलेय. तो म्हणाला, कशाच्या जवळ? आणि पोरीला उचलून घेऊन गेला. त्याच्या आईकडं. तू आधी खायला लाग, मग आणतो म्हणाला. तिथं बाटली लावली, मलम लावलं, आणि—

काय म्हणालीस?

हो. म्हणाले होते. वर झोपलीय म्हणाले होते.

सवय गं. सगळे विचारतात, ढबी कुठाय? आणि तोंडातून तेच जातं, वर आहे, झोपलीय. पहिल्यांदा खोटं म्हणून नव्हतं बोलले, नुसतं निघून गेलं. आता गिऱ्हाईकांनाही हळू बोलायला सांगते. बघितलंस ना मघाशी? नाही. वर ती नाही. वर माझी लेक आहे. बसलेली असते खिडकीशी. बोलते, विचारलं तर. दूध आटलं तिचं. तेही कसं, एके दिवशी मला म्हणाली, आई, आता दुखत नाही. एवढंच.

तिकडं मलमानं अंग उतरलं. पहिल्या काही दिवसांतच उतरलं. जावयानं आनंदानं कळवलं, गाल अगदी पूर्वीसारखे. मी फोन कानाला लावून हसत होते आणि समोर ही. ऐकलं तिनं सगळं, आणि मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी. म्हणजे मीच होते, म्हणाली. माझंच दूध. माझाच हात. मी म्हटलं, अगं, मलमानं उतरलंय, मलमानं! तेच मलम तू इथं लावलं असतंस तर इथंही उतरलं असतं. नाही. तिच्या डोक्यात पक्कं. भेटायला जाईना. चल म्हटलं, दोघी जाऊ, तर म्हणायची, मी हात लावला की वाढेल.

आणि मग गेल्या आठवड्यात फोन, परत आलंय. कोपरांत, मानेत, सगळीकडं. दात येतायत त्यानं असेल, नाहीतर हवा बदलली त्यानं, नाहीतर कशानंच नाही. बाटलीचं दूध, दुसरं घर, दुसरी आजी— आणि तरी परत. आणि मला इतकं बरं वाटलं—

म्हणजे— बरं म्हणजे तसं नाही गं. ऐक ना. लेकरू तिकडं खाजवतंय, रडतंय, आणि सख्ख्या आजीला बरं वाटतंय, असं असतं का कुठं? पण वाटलं. पळत जिना चढले, कपडे न बदलता, कुसांसकट. तिला म्हटलं, बघ, तू नव्हतीस! तुझं दूध नव्हतं! तुझा हातही लागला नाही आणि तरी आलं! मला वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल, निदान जेवेल तरी. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, मग कोण?

काय सांगू मी तिला? कुणी नाही, म्हटलं. ती म्हणाली, आई, मीच कारण असते तर बरं झालं असतं. मी असते तर मी बंद केलं असतं.

ह्याच्यावर काय बोलायचं असतं? तू सांग. तूही होशील आता आई.  डॉक्टरीणबाई एवढ्या शिकलेल्या, त्याही म्हणतात, धीर धरा. तेल लाव म्हण, लावते. ओट्स दळ म्हण, दळते. झबलं शिव म्हण, मी कापडाचं अख्खं ठाण संपवेन. पण काहीच चुकत नाहीये आणि तरी लेकरू खाजवतंय, हे कुठल्या पुरचुंडीत बांधू? माझ्याच्यानं—

थांब.

नाही, काही नाही. जिन्यावर वाजलं. थांब जरा, बोलू नकोस.

—अगं? खाली कशाला आलीस? हे— हे गिऱ्हाईक आहे, ड्रेस सैल करतेय त्यांचा. केव्हापासून उभी होतीस तिथं? ... नाही, मी काही नाही, आपलं असंच बोलत होते, दुकानातलं. ... चपला कशाला घातल्यास? कुठं निघालीस? ... तिकडं? आत्ता? त्याला कळवलंस? ... बरं, नको तर नको. थांब, मी येते, ह्यांच्या एवढ्या टाचण्या— ... एकटी? अगं, काही खाल्लं नाहीयेस तू सकाळपासून, तिकडं पोचेपर्यंत— ... काय? परत बोल, मला ऐकू नाही आलं.

...

बरं.

बरं. जा. रस्ता बघून ओलांड.

...

गेली. मला उठव गं जरा, खाली बसून बसून गुडघे धरलेत. हात दे. दिसते का तुला तिथून, स्टुलावरून? गेली कोपऱ्यावरून? वळली? सरळ चालतेय ना?

काय म्हणाली ते ऐकलंस? मला वाटलं मला नीट ऐकू नाही आलं. म्हणाली, इथंही खाजवणार, तिथंही खाजवणार. मग माझ्यापाशी खाजवू दे.

खाल्लं काही नाही बघ. तशीच गेली.

नाही, मी नाही रडत. ते टाचणीनं— नको, पाणी नको मला. उतर खाली. ड्रेस डोक्यावरून काढ, सावकाश, उजव्या कुशीला टाचण्या आहेत, पोटाला लागू देऊ नकोस. तिथं पडद्यामागं बदल. होईल ड्रेस, परवा ये, नाहीतर तेरवा. काही विचारू नकोस आता. मी दुकान बंद करते, मला वर जाऊन भात टाकायचाय. जा गं, बाई. जाताना ते दार ओढून घे.